मुंबई ते कराची : ८७५ किलोमीटर, आणि विमान नाही

मंडळी, आज एक प्रश्न विचारतो. फोनला हात न लावता उत्तर द्यायचं. मुंबईहून हवेतल्या सरळ रेषेत मोजलं तर सगळ्यात जवळ काय? दिल्ली, चेन्नई की कराची?

मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी चेन्नई म्हटलं. उत्तर आहे कराची. मुंबई ते कराची साधारण ८७५ किलोमीटर. चेन्नई हजाराच्या थोडं पुढे, दिल्ली सव्वाअकराशेच्या आसपास. पलीकडून बघितलं तर आणखी गंमत आहे. कराचीहून लाहोर हजार किलोमीटरच्या वर आणि इस्लामाबाद अकराशेच्या. म्हणजे कराचीच्या माणसाला त्याची स्वतःची राजधानी मुंबईपेक्षा लांब पडते.

मला जुनी वेळापत्रकं आणि नकाशे चाळायचा नाद आहे, घरचे वैतागतात त्यावर. हल्ली दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणाऱ्या कितीतरी साइट निघाल्यात. तिथे मुंबई आणि कराची टाकून बघा. अंतर येतं आणि खाली वेळही येतो, दीड-पावणेदोन तास. हिशेब चुकीचा नाही. जेट विमान ताशी आठशेच्या वेगाने गेलं आणि चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर तेवढंच लागेल. अडचण एवढीच की असं विमानच नाही.

आज मुंबईहून कराचीला जायचंच झालं, व्हिसा वगैरे सगळं मिळालं असं क्षणभर धरून चाला, तर दुबईसारख्या ठिकाणाहून वळसा घ्यावा लागतो. मुंबई-दुबई १,९०० किलोमीटरच्या वर, दुबई-कराची जवळपास १,२००. म्हणजे ८७५ च्या जागी ३,१००. नुसतं हवेत पाच तास, आणि मधला थांबा धरला तर आठ-दहा तास सहज.

आता १९३२ सालचा आकडा सांगतो. त्या वर्षी एका इंजिनाच्या, लाकडाच्या पंख्याच्या छोट्या विमानाने कराची-मुंबई हा प्रवास मध्ये पेट्रोल भरून साधारण सव्वासात तासांत केला होता.

म्हणजे ९० वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता, त्यापेक्षा आज जास्त लागतो. अंतर तेवढंच आहे, यंत्रं पाचपट वेगवान झाली आणि प्रवास लांबला. हे कसं झालं, त्याचीच ही गोष्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

एकाच इलाख्यातली दोन शहरं

आपल्या डोक्यात कराची म्हणजे परदेश, तोही शत्रूचा. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोक्यात तसं नव्हतं. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ९० वर्षं, कराचीचा कारभार मुंबईहून चालायचा. रत्नागिरी आणि कराची एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते. सिंधमधली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. एकच इलाखा म्हटल्यावर नोकरीत बदली होऊन कराचीला गेलेले मराठी कारकून, मास्तर, इंजिनिअर किती असतील याची कल्पना करा.

कराचीतल्या जुन्या सरकारी शाळेचं नाव आजही एन.जे.व्ही. आहे. ही अक्षरं म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. हे शिक्षण खात्यातले अधिकारी. सिंधमध्ये शाळा उभ्या करण्यात आणि सिंधी लिपीच्या कामात त्यांचा मोठा हात होता. देश बदलला, पण शाळेने नाव बदललं नाही. कराचीत आजही मोजकी मराठी कुटुंबं आहेत आणि त्यांच्याकडे गणपती बसतो.

जायचं कसं, तर बोटीने. नाहीतर रेल्वेने, पण तिथे गेज बदलायचा. कराचीहून हैदराबाद (सिंधचं) ब्रॉडगेज, पुढे राजपुतान्याच्या वाळवंटातून मीटरगेज, आणि अहमदाबादला पुन्हा ब्रॉडगेज. सामान घेऊन दोनदा गाडी बदलायची म्हणजे शिक्षाच. त्यामुळे बोट बरी.

उल्हासनगरात माझ्या ओळखीचे एक काका होते, कापडाचं दुकान होतं त्यांचं. कराची किती लांब, असं विचारलं की ते कधी किलोमीटर सांगायचे नाहीत. "दो रात," म्हणायचे. बोटीवरच्या दोन रात्री. अंतर वेळात मोजायची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तीच धरून पुढे जाऊ.

हिंदुस्थानचं हवेतलं दार

विमानं आली तेव्हा कराचीला एकदम भाव आला. कारण नकाशात आहे. युरोपातून इराण-इराकच्या आखातावरून पूर्वेकडे आलं की हिंदुस्थानातलं पहिलं मोठं शहर कराची. तेव्हाची विमानं एका दमात फार लांब जाऊ शकत नव्हती. त्यामुळे ती पहिल्या दारातच उतरणार.

३० मार्च १९२९ ला इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. एक आठवड्याचा प्रवास, आणि तोही सगळा विमानाचा नव्हे. मध्ये युरोपात रेल्वे, मग भूमध्य समुद्रावर पाण्यावर उतरणारं विमान, इजिप्तपासून पुढे पुन्हा जमिनीवरचं विमान. तरी लोक खूश होते, कारण बोटीने याच्या दुप्पट-तिप्पट दिवस जायचे.

इंग्रजांची स्वप्नं तर याहून मोठी होती. आर-१०१ नावाचं अवाढव्य हवाई जहाज लंडनहून कराचीला आणायचं म्हणून कराचीत त्याच्यासाठी प्रचंड शेड बांधून ठेवली होती. ते जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये निघालं आणि फ्रान्समध्येच कोसळलं. ४८ माणसं गेली. शेड कराचीत रिकामी उभी राहिली.

त्याच सुमाराला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा उलट, एकट्याने विमान उडवत नेणारा पहिला हिंदी माणूस कोण? त्यात एक होते जेआरडी टाटा, कराचीहून इंग्लंडकडे निघालेले. दुसरा ॲस्पी इंजिनिअर, अवघा सतरा वर्षांचा, इंग्लंडहून कराचीकडे येत होता. दोघं वाटेत इजिप्तमध्ये भेटले. ॲस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग गेले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग काढून दिले. ॲस्पी पुढे गेला आणि शर्यत जिंकला. हाच ॲस्पी पुढे स्वतंत्र भारताचा हवाई दलप्रमुख झाला. शर्यतीचं एक टोक लंडन, दुसरं कराची. मुंबई या चित्रात अजून नव्हतीच.

१५ ऑक्टोबर १९३२

इथेच खरी अडचण होती. लंडनचं पत्र आठवड्यात कराचीला यायचं आणि मग मुंबई-मद्रासला पोचायला रेल्वेच्या भरवशावर पडून राहायचं. हजारो मैल उडून आलेलं टपाल शेवटच्या टप्प्याला रखडायचं.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक ही कल्पना घेऊन टाटांकडे आला : कराचीला उतरलेलं टपाल आपण पुढे मुंबई आणि मद्रासला नेऊ. सरकार अनुदान द्यायला तयार नव्हतं. बोलणी लांबत गेली. शेवटी १९३२ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं विमान निघालं.

१५ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाच्या सुमाराला जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ विमान हवेत घेतलं. मागे टपालाच्या थैल्या, वजन ५५ पौंड, म्हणजे जेमतेम २५ किलो. रेडिओ नाही. खाली बघायचं, किनारा आणि नद्या ओळखायच्या, घड्याळ आणि होकायंत्र सांभाळायचं. विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आले. टाकी भरली, पुन्हा उड्डाण, आणि दुपारी दोनच्या आत जुहू.

जुहू म्हणजे तेव्हा समुद्रालगतचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात भरतीचं पाणी धावपट्टीवर यायचं, म्हणून पावसाळ्यापुरता सगळा कारभार पुण्याला हलवावा लागायचा. जुहूहून पुढचं टपाल व्हिन्सेंटने घेतलं, बेल्लारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं.

भारतीय नागरी विमान वाहतुकीचा जन्म म्हणून आपण जी तारीख सांगतो ती ही. पुढे याच छोट्या कंपनीची एअर इंडिया झाली. म्हणजे एअर इंडियाचा पहिला रस्ता, पाळण्यातला रस्ता म्हणा हवं तर, कराची-मुंबई होता. आणि आज जगातल्या कितीतरी शहरांना जाणारी एअर इंडिया नेमक्या त्याच रस्त्याने जाऊ शकत नाही.

फाळणीनंतर लगेच बंद झालं नाही

पुष्कळांना वाटतं १९४७ ला दार बंद झालं. तसं नाही. फाळणीत हेच रस्ते उलटसुलट माणसांनी भरून वाहिले. सिंधी हिंदू मोठ्या संख्येने कराचीच्या बंदरातून बोटीने मुंबईला आले. कल्याणजवळच्या महायुद्धाच्या वेळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं. ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आपल्या ठाणे जिल्ह्यातलं एक अख्खं शहर या ८७५ किलोमीटरच्या रस्त्यातून जन्माला आलंय.

फाळणीनंतरही बोटी चालू होत्या, विमानं चालू होती, राजस्थानच्या वाळवंटातली रेल्वेही होती. भांडण होतं, काश्मीर होतं, तरी तिकीट मिळत होतं. हे सगळं तुटलं ते १९६५ च्या युद्धात. मुनाबाव-खोखरापार रेल्वे तेव्हा बंद पडली ती थेट २००६ मध्ये थार एक्सप्रेस म्हणून सुरू झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा थांबली.

मग १९७१. हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आकाश बंद करणं हे हत्यार म्हणून कसं वापरतात ते इथे दिसतं. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे फोकर विमान पळवून लाहोरला नेलं. प्रवासी सुटले, विमान २ फेब्रुवारीला जाळलं. दोन दिवसांत भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. तेव्हा पाकिस्तानचे दोन तुकडे होते आणि मध्ये भारत. कराची-ढाका सरळ रेषेत २,४०० किलोमीटरच्या आत. भारताचं आकाश बंद झाल्यावर श्रीलंकेला वळसा. अंतर साडेचार हजारांच्या वर गेलं, जवळपास दुप्पट. पुढच्या महिन्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जे सैनिक गेले ते याच वळशाने गेले. डिसेंबरमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या युद्धाची कारणं खूप खोल होती, एका बंदीने युद्ध जिंकलं असं मी म्हणत नाही. पण दोन तुकड्यांमधलं 'वेळेतलं अंतर' दुप्पट झालं की देश म्हणून राहणं किती अवघड होतं, हे तेव्हा जगाने बघितलं.

पुन्हा उघडलं, पण दर वेळी थोडं कमी

१९७१ चं युद्ध होऊन पाच वर्षं व्हायच्या आत, १९७६ मध्ये, दोन्ही देशांनी विमानं पुन्हा सुरू केली. ९३ हजार युद्धकैदी, देशाचे दोन तुकडे, एवढं सगळं होऊन पाच वर्षांत. आजच्या वातावरणात हे वाचताना विश्वास बसत नाही.

आणि १५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला. वय ७८. विमान लेपर्ड मॉथ, त्याच घराण्यातलं जुनं विमान. कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले, जुहूला उतरले. दोन युद्धांनंतर एक भारतीय उद्योगपती कराचीत जाऊन, तिथून खेळण्याएवढं विमान उडवत मुंबईला येतो आणि दोन्ही सरकारं त्याला येऊ देतात.

याच्याशेजारी ठेवा २०२१ चं साल. मुंबईची तरुण वैमानिक आरोही पंडित, छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडलेली, तिने जेआरडींच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून १५ ऑक्टोबरला तसंच उड्डाण केलं. अहमदाबाद तेच, जुहू तेच. निघाली मात्र भुजहून. ३९ वर्षांत त्या रस्त्याचं एक टोक आपल्या हातातून गेलं होतं.

कसं गेलं? हळूहळू गेलं. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि १ जानेवारी २००२ पासून विमानं बंद. १ जानेवारी २००४ ला पुन्हा सुरू. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला. विमानं रडतखडत चालू राहिली. शेवटी शेवटी पाकिस्तानच्या पीआयएची आठवड्याला दोन उड्डाणं कराची-मुंबई होती. दोन महानगरांची मिळून कोट्यवधी लोकसंख्या, आणि आठवड्याला दोन विमानं. मे २०१७ मध्ये तीही थांबली. त्या वेळी कुठलं युद्ध नव्हतं, कुणी बंदी घातली नव्हती. प्रवासी नाहीत, परवडत नाही, म्हणून थांबली. व्हिसाच मिळत नसेल तर प्रवासी येणार कुठून? दार बंद करायची गरजच पडली नाही, ते गंजून बंद झालं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला उघडलं. ते उघडण्याआधीच एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटक मारले गेले. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला आपण त्यांच्या विमानांना केलं, आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं लांबून जाऊ लागली. इंडिगोची दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी उड्डाणं बंद झाली, कारण तेवढा वळसा त्या विमानांना झेपत नाही. हे असंच वर्षभर चाललं तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भुर्दंड पडेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवल्याच्या बातम्या आल्या. तिकडे पाकिस्तानचंही आकाश वापरण्याचं भाडं बुडालं.

आपल्या मुंबईकरांना हे फार जाणवत नाही, कारण आपण समुद्रावरून निघून जातो. दिल्लीकराला विचारा.

फायदा कुणाचा?

एक गोष्ट लक्षात घ्या. २०२५ च्या या बंद्या एकमेकांच्या विमानांपुरत्या होत्या. तिसऱ्या देशाचं विमान कराचीवरून उडत दिल्लीला येऊ शकतं. आपलं येऊ शकत नाही.

१९८५ साली दुबईत एमिरेट्स नावाची कंपनी सुरू झाली. विमानं नव्हती, म्हणून पीआयएकडून भाड्याने घेतली. पहिलं उड्डाण कुठे केलं माहितीये? कराची. आणि सुरुवातीच्या मोजक्या ठिकाणांत दुसरी दोन नावं होती मुंबई आणि दिल्ली. म्हणजे जगातली एक बलाढ्य विमान कंपनी आपल्या आणि त्यांच्या शहरांना दुबईशी जोडत उभी राहिली. ती चांगली चालवली म्हणून मोठी झाली, यात वाद नाही. पण दोन शेजाऱ्यांनी मधली वाट बंद केली की कोपऱ्यावरच्या दुकानदाराची चांदी होते, हेही तितकंच खरं. एकेकाळी हिंदुस्थानचं हवेतलं दार असलेली कराची आणि जिथे एअर इंडिया वाढली ती मुंबई, दोन्हीकडची माणसं आज दुबईला उतरून पुढची विमानं पकडतात.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे

"मग २६/११ विसरायचं का?" नाही. अजिबात नाही. ते दहा जण कराचीहूनच आले होते, हे मी या पोस्टमध्ये लपवणार नाही. याच ८७५ किलोमीटरच्या पट्ट्यातून, समुद्राने. १६६ माणसं गेली. सीएसएमटीच्या फलाटावर मेलेल्यांमध्ये गावाकडे निघालेली साधी माणसं होती. देशाने त्यानंतर कडक व्हायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क आहे. पहलगामनंतर आकाश बंद ठेवावं की नाही, हेही सरकारने ठरवायचं. त्यासाठी लागणारी माहिती तुमच्या-माझ्याकडे नाही.

पण इतिहास वाचताना एक गोष्ट खटकत राहते. ते दहा जण तिकीट काढून आले नव्हते. त्यांनी व्हिसासाठी रांग लावली नव्हती. विमान बंद केल्याने जो थांबतो तो तपासून, शिक्का मारून, नाव-पत्ता लिहून येणारा माणूस. ज्याला चोरून यायचं असतं त्याला वेळापत्रकाची गरज नसते. म्हणून आकाश बंद करणं हा निषेध असतो, दबाव असतो, कधी १९७१ सारखं हत्यार असतं. ते कुंपण आहे असं मात्र समजू नये. आणि कुठल्याही हत्याराचं असतं तसं याचंही बिल येतं. ते कोण भरतं, एवढं तरी बघावं.

सगळ्यात मोठं बिल कोण भरतं ते सांगतो. पालघर जिल्ह्यातले मच्छीमार.

डहाणू, तलासरीकडची बरीच आदिवासी माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदरच्या बोटी. समुद्रात रेघ आखलेली नसते. बोट पलीकडे गेली, किंवा गेली असं तिकडच्यांनी ठरवलं, की पकडून कराचीला नेतात आणि मलीरच्या तुरुंगात टाकतात. आपणही त्यांचे मच्छीमार पकडतो. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या करारानुसार. संबंध कितीही बिघडले तरी ही देवाणघेवाण होत आलीय. याद्या येतात, माणसं येत नाहीत. शिक्षा संपूनही वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले खलाशी आहेत.

आणि सुटले तरी येतात कसे? कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा, पायी सरहद्द ओलांडून अमृतसर, तिथून रेल्वेने गुजरात, मग घर. ८७५ किलोमीटरवरच्या माणसाला घरी यायला जवळपास तीन हजार किलोमीटर. तुरुंगात मेलेल्याचंही तेच. कागद, ओळख पटवणं, परवानग्या, आणि मग उत्तरेचा सगळा वळसा घालून मृतदेह गावात येतो, तेव्हा मध्ये कित्येक आठवडे गेलेले असतात. बायको-पोरं तेवढे दिवस वाट बघत बसतात. १९३२ ला पंचवीस किलो टपाल सव्वासात तासांत आलं होतं हो. हे माणसाचं शरीर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते फार मोठं नाही. मैत्रीच्या बस नकोत, मेणबत्त्या नकोत, क्रिकेट नको, सगळं बाजूला ठेवा. शिक्षा संपलेल्या आणि ओळख पटलेल्या मच्छीमारांना वाघ्याचा वळसा कशाला? समुद्रातच, दोन्ही तटरक्षक दलांच्या हातून हातात द्या. हे न होण्यासारखं नाही. २०१५ मध्ये पाकिस्तानने सोडलेल्या आपल्या मच्छीमारी बोटी कराचीहून समुद्रानेच पोरबंदरला आल्या होत्या. लाकडाच्या बोटी सरळ येऊ शकतात, तर माणसंही येऊ शकतील. आणि मृतदेह असेल तर एक विमान, कराची ते मुंबई, दीड-पावणेदोन तास. बाकीचं आकाश बंद ठेवा हवं तर.

१९७६ साली, एवढं मोठं युद्ध ताजं असताना, हे करणारी माणसं दोन्हीकडे होती. ती काही भाबडी नव्हती. युद्ध लढलेलीच होती.

असो. लांबलं खूप. पालघर-डहाणूकडचं कुणी हे वाचत असेल आणि घरातलं किंवा पाड्यावरचं कुणी तिकडे अडकलेलं असेल, तर कमेंटमध्ये नावं लिहू नका, मेसेज करा. खासदारांना आणि परराष्ट्र खात्याला द्यायचा अर्ज मराठीत लिहून द्यायला मी बसतो.